शिळ्या मथळ्यांना ऊत

श्रोतेहो, नमस्कार.

कपाट आवरायला काढलं की वेळ नेमका कशात जातो, हे तुम्हाला सांगायला नको. कप्प्यातला जुना कागद काढायचा आणि नवा घालायचा, एवढंच तर काम. पण तो जुना कागद हातात आला की माणूस तिथंच फतकल मारतो आणि वाचत बसतो. कालच्या पेपरकडे आपण ढुंकून बघत नाही, वीस वर्षांपूर्वीचा मात्र चष्मा पुसून वाचतो. परवा माझं तेच झालं. कडा पिवळ्या पडलेल्या, डांबरगोळ्यांचा वास, आणि वर भला मोठा मथळा : ‘फरारी आरोपीला अखेर’. पुढं काय? पुढचा शब्दच नाही! कप्प्याच्या मापानं कात्री चालवणाऱ्यानं कागद नेमका तिथं संपवलेला. अखेर काय झालं त्याला? अटक, जामीन, की उपरती? खालची बातमी शोधली, तर तीही त्याच कात्रीनं उभी चिरलेली.

बघा, बातमी गेली आणि मथळा राहिला. हे जरा ध्यानात ठेवा, मी पुन्हा सांगणार आहे. बातमी जाते, मथळा राहतो.

आता हा मथळा लिहितो कोण? लोकांना वाटतं, बातमीदार. बातमीदार बातमी देतो आणि घरी जातो. मथळा देतो रात्रपाळीचा उपसंपादक. त्याच्यापुढे घड्याळ असतं, कॉलमाची रुंदी असते आणि गार झालेला चहा असतो. दुसऱ्या दिवशी लोक मात्र बातमीदाराला गाठतात.

जाता जाता माझी एक तक्रार नोंदवतो. हल्ली मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह टाकायची खोड लागली आहे. ‘अमुक होणार?’ अहो, आम्हाला काय विचारता? सांगायला तुम्ही आहात ना! प्रश्नचिन्ह म्हणजे अंगाशी आलं तर पळायची मागची वाट. प्रश्नचिन्ह कसं असावं, ते ‘केसरी’नं 1897 साली दाखवलं होतं : ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ त्याच वर्षी टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन दीड वर्षाची शिक्षा झाली. त्या अंकातल्या बातम्या लोक विसरले असतील, पण तो मथळा आजही प्रत्येक सरकारच्या वाट्याला एकदा तरी येतोच. असो.

आता मला मनापासून आवडणारी गोष्ट. ज्यांनी ऐकली असेल त्यांनी पुन्हा ऐका, मला सांगायला आवडते.

साल 1948. अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक. एका बाजूला अध्यक्ष हॅरी ट्रुमन, दुसऱ्या बाजूला न्यूयॉर्कचे गव्हर्नर थॉमस ड्यूई. ट्रुमन पडणार, हे सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. मतचाचण्या घेणाऱ्यांनी तर मतदानाच्या बऱ्याच आधी चाचण्या घेणं थांबवलं. निकाल माहीतच आहे, तर उगाच खर्च कशाला?

शिकागोत ‘शिकागो ट्रिब्यून’ नावाचं बडं दैनिक. ट्रुमन आणि या दैनिकाचं हाडवैर. त्यात छापखान्यातल्या कामगारांचा संप जवळजवळ वर्षभर चाललेला. छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायला माणसं नाहीत, म्हणून मजकूर टाइपरायटरवर टंकायचा, त्याचा फोटो काढायचा आणि त्यावरून ठसे बनवायचे. या द्राविडी प्राणायामात कित्येक तास जायचे. म्हणजे पहिली आवृत्ती छपाईला लवकर सोडणं भाग. किती लवकर? मतमोजणी धड सुरू झाली नव्हती तेव्हा!

मग काय करायचं? वॉशिंग्टनच्या जुन्याजाणत्या प्रतिनिधीला, आर्थर सीअर्स हेनिंग यांना विचारलं. मागच्या पाच निवडणुकांपैकी चार वेळा त्यांचा अंदाज बरोबर आला होता. पाचातले चार! एवढा हिशेब जमला की माणसाला पाचव्या वेळची चूक आठवत नाही. ते म्हणाले, ड्यूई. झालं. अंक बाहेर पडला 3 नोव्हेंबरच्या तारखेचा, आणि पानभर ठळक अक्षरात मथळा : ‘ड्यूईनं ट्रुमनला हरवलं’. प्रश्नचिन्ह नाही, हे मात्र मान्य केलं पाहिजे. घाई इतकी, की पहिल्या पानावरच्या मजकुरात काही ओळी चक्क उलट्या लागल्या होत्या.

आणि ट्रुमन कुठं होते? मिसुरीतल्या एका हॉटेलात. हॅम सँडविच खाल्लं, ग्लासभर दूध प्यायले आणि चक्क झोपले. ही झोप मला त्या सगळ्या निवडणुकीपेक्षा मोठी वाटते. मध्यरात्री जाग आली, तर रेडिओवर कॅल्टनबॉर्न नावाचे नामांकित भाष्यकार सांगत होते, की ट्रुमन बारा लाख मतांनी पुढं आहेत, पण हरणार यात शंका नाही. बारा लाखांनी पुढं, आणि हरणार! रेडिओवर बोलणाऱ्यानं जपून बोलावं, हे मी तेव्हापासून शिकलो. ट्रुमन पुन्हा कूस बदलून झोपले.

इकडे ट्रिब्यूनमध्ये पळापळ. आकडे उलटे यायला लागले, मथळा बदलला, माणसं धाडली स्टॉलवरचे अंक गोळा करायला. पण दीड लाखाच्या आसपास प्रती छापून झाल्या होत्या. दीड लाख! छापलेला शब्द म्हणजे पिशवीतून सांडलेली मोहरी, एकेक दाणा वेचून किती वेचणार? निकाल लागला. तिकडे अध्यक्ष ठरतो तो राज्याराज्यांच्या प्रातिनिधिक मतांवर. ती ट्रुमनना 303, ड्यूईंना 189.

दुसऱ्या दिवशी ट्रुमन आगगाडीनं वॉशिंग्टनला निघाले. सेंट लुईस स्थानकात गाडी थांबली, ते मागच्या उघड्या सज्जात आले आणि कुणीतरी तो अंक त्यांच्या हाती दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी डोक्याएवढा उंच धरला आणि बत्तीशी दाखवत हसले. फोटोवाल्यांनी तो क्षण टिपला. त्या दिवशीचं त्यांचं भाषण आठवणारा माणूस आज शोधून सापडायचा नाही, पण तो फोटो सगळ्यांना माहीत. बातमी जाते, मथळा राहतो, आणि चुकलेला मथळा तर नातवंडं बघतो.

कॅल्टनबॉर्नना सुटका नव्हतीच. पुढच्या जानेवारीत एका मेजवानीत ट्रुमननी त्यांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल केली. ट्रिब्यूननं मात्र मन मोठं केलं. पंचविसाव्या वर्षी त्या पानाची प्रतिकृती असलेलं मानचिन्ह ट्रुमनना द्यायचं ठरवलं. पण 1972 च्या डिसेंबरात ट्रुमनच गेले. ट्रिब्यूनला तेही वेळेवर जमलं नाही.

माझा वेळ संपत आलाय. एकच घाईघाईनं सांगतो. अग्निबाणावर संशोधन करणारे अमेरिकेतले शास्त्रज्ञ रॉबर्ट गॉडर्ड म्हणाले, अग्निबाण निर्वात पोकळीतही चालतो. 13 जानेवारी 1920 ला ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं स्फुट लिहून त्यांची टर उडवली, की शाळेत शिकवतात तेवढंही यांना ठाऊक नाही. या चुकीची दुरुस्ती टाइम्सनं छापली, हो, छापली. 17 जुलै 1969 ला! आदल्या दिवशी तिघं जण अग्निबाणात बसून चंद्राकडे निघाले होते. दिलगिरी व्यक्त केली, 49 वर्षांनी. गॉडर्ड 1945 सालीच वारले होते.

तर मंडळी, माझ्या कपाटाचं काय झालं? नवा कागद आणलेला आहे. पण तो जुना काही काढवत नाही. तसाच ठेवलाय, वर कपडे रचलेत. फरारी आरोपीला अखेर... जाऊ द्या. नमस्कार.