ऑक्टोबरचा गुलाब: टोकियोची क्यू-फुरुकावा बाग

[दृश्य: टेकाडावरचं दगडी घर, उतारावर गुलाबाचे वाफे]

टोकियोच्या उत्तर भागात, कोमागोमे स्टेशनापासून पायी जाण्याजोग्या अंतरावर ही बाग आहे. वर काळपट तांबड्या दगडाचं घर, उतारावर टप्प्याटप्प्याने गुलाब, आणि पार खाली तळ्याकाठची जपानी बाग. घर आणि गुलाबबाग इंग्रज वास्तुविशारद जोसाया काँडर यांनी आखली. घर १९१७ साली पूर्ण झालं. तळ्याची बाग मात्र क्योतोचे उद्यानकार ओगावा जिहेई यांची. तांब्याच्या खाणींवर श्रीमंत झालेल्या फुरुकावा घराण्याचं हे आवार १९५६ पासून सगळ्यांसाठी खुलं आहे.

गर्दी खरी मे महिन्यात होते. पण गुलाब पाहायचा तर ऑक्टोबरात.

[दृश्य: एकाच फुलाच्या पाकळ्या, अगदी जवळून]

आता फुलं कमी असतात, थोडी लहानही. पण रात्री गार झालेल्या असतात, कळी सावकाश उमलते, आणि रंग असा काही चढतो की वसंतातलं तेच फूल त्याच्यासमोर फिकं वाटावं. ‘प्रिन्सेस मिचिको’ या जातीच्या गुलाबाचा नारिंगी बघा.

हा बहर आपोआप येत नाही. ऑगस्टअखेरीस, सप्टेंबरच्या सुरुवातीला माळी झाडांची छाटणी करतात. त्यानंतर साधारण दीड महिन्याने फुलं येतात. उशीर झाला तर थंडी कळ्यांना गाठते. आपल्याकडे पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात कात्री चालते. इथे तेवढी सवड नाही.

आणि एक गंमत. या बागेचा थाट युरोपी, पण शरदात फुलणं ही युरोपच्या जुन्या गुलाबांची रीत नव्हे. त्यातले बहुतेक वर्षातून एकदाच फुलायचे. पुन्हा पुन्हा फुलणारे गुलाब होते चीनमध्ये. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते युरोपात पोचले, संकर झाले, आणि १८६७ मध्ये फ्रान्समध्ये ‘ला फ्रान्स’ हा नव्या घडणीचा गुलाब आला. म्हणजे इंग्रजाने जपानात आखलेल्या या वाफ्यांमध्ये ऑक्टोबरात जे फुलतं, ती देणगी शेजारच्या चीनचीच! काँडरचं घर देखणं आहे, पण माझ्या मते इथली खरी कारागिरी ही.

[दृश्य: फाटक, आत येणारे लोक]

फाटक सकाळी नऊला उघडतं. वास घ्यायचा तर तेव्हाच या. ऊन चढलं की तो उडतो, आणि घरासमोर फोटोवाल्यांची रांग लागते.