2147483647 : भाग जात नाही, याची खात्री

आज मी एकाच संख्येविषयी बोलणार आहे : 2147483647. दोनच्या 31 व्या घातातून एक वजा केला की ही दहा अंकी संख्या मिळते. ती मूळ, म्हणजे 1 आणि स्वतः सोडून दुसऱ्या कशानेही भाग न जाणारी, असल्याचे इटालियन गणितज्ञ पिएत्रो कातालदी यांनी फार पूर्वी म्हटले होते. परंतु त्यांनी तिच्याच जोडीला मूळ ठरवलेल्या, दोनच्या 23 व्या आणि 29 व्या घातातून एक वजा करून मिळणाऱ्या संख्या पुढे संयुक्त निघाल्या. खात्रीचा पुरावा स्विस गणितज्ञ लिओनार्ड ऑयलर यांचा, 1772 मधला. आणि तेव्हा त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती.

वर्गमूळापर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहावे, हे आपण शाळेत शिकतो. इथे वर्गमूळ 46,340 च्या किंचित पुढे आहे आणि तिथवर साडेचार हजारांहून अधिक मूळ संख्या येतात. ऑयलर यांनी भागाकारांना हात घालण्याआधी वेगळाच प्रश्न सोडवला : विभाजक असलाच, तर तो कसा असला पाहिजे?

समजा, 'प' या मूळ संख्येने आपल्या संख्येला भाग जातो. मग दोनच्या 31 व्या घाताला 'प' ने भागल्यावर बाकी 1 उरते. फर्माच्या छोट्या प्रमेयानुसार (प − 1) व्या घातालाही बाकी 1 च उरते, आणि 31 स्वतः मूळ असल्यामुळे (प − 1) ला 31 ने भाग जावाच लागतो. 'प' विषम असल्याने 62 नेही जातो. लहान उदाहरणात हे लगेच दिसते : दोनच्या 11 व्या घातातून एक वजा केल्यास 2047, म्हणजे 23 × 89, आणि या दोन्हींना 22 ने भागले तर बाकी 1 च राहते.

दुसरी चाळणी मला अधिक सुंदर वाटते. दोनचा 32 वा घात हा 16 व्या घाताचा वर्ग आहे आणि त्याला 'प' ने भागल्यास बाकी 2 उरते. एखाद्या वर्गाची बाकी 2 येणे हे, विषम मूळ संख्यांपैकी, 8 ने भागल्यावर 1 किंवा 7 बाकी देणाऱ्यांच्याच बाबतीत शक्य असते. दोन्ही अटी एकत्र केल्या की 248 ने भागल्यावर 1 किंवा 63 बाकी देणारेच विभाजक विचारात घ्यावे लागतात.

वर्गमूळाच्या मर्यादेपर्यंत अशा संख्या, खुद्द 63 सोडून, 372 आहेत आणि त्यांतल्या मूळ जेमतेम ऐंशीच्या आसपास. 249 म्हणजे 3 × 83, ती बाद. पहिली खरी उमेदवार 311. तिने भागल्यास बाकी 35. मधल्या साऱ्या संयुक्त निघाल्यामुळे पुढची थेट 1303, बाकी 226. असेच शेवटपर्यंत, आणि शून्य कुठेच येत नाही.

पुढे एदुआर लुका आणि डेरिक लेहमर या गणितज्ञांच्या कसोटीने हे कामही आटोपशीर केले. 4 पासून सुरुवात करावी, वर्ग करून 2 वजा करावेत, जी संख्या तपासायची तिने भागून बाकी घ्यावी, आणि त्या बाकीवर पुन्हा तेच करावे. हे 29 वेळा केल्यावर आपल्या संख्येसाठी बाकी शून्य येते, म्हणून ती मूळ. 2047 साठी नऊ पायऱ्यांनंतर 1736 उरतात, म्हणून ती संयुक्त. मात्र 23 आणि 89 यांचा पत्ता त्या 1736 वरून लागत नाही.