मॉक ड्रिलमध्ये शेवटच्या बेडपर्यंत कोण जातं?

नमस्कार मंडळी, आज जरा मॉक ड्रिलबद्दल बोलूया. २७ डिसेंबर २०२२ ला देशभरातल्या हॉस्पिटलांमध्ये कोविडची मॉक ड्रिल झाली होती, आठवतंय? बेड किती, व्हेंटिलेटर चालू आहेत का, ऑक्सिजन प्लांट सुरू होतो का, हे सगळं बघितलं गेलं. चांगलंच झालं, पण प्लांट सुरू होणं आणि पेशंटला ऑक्सिजन मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हो.

कसं ते सांगते. पीएसए प्लांट, म्हणजे हॉस्पिटलातच हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्र, बाहेरची हवा खेचतो, त्यातला नायट्रोजन झिओलाइट नावाच्या खनिजाचे दाणे धरून ठेवतात आणि साधारण ९३ टक्के शुद्ध ऑक्सिजन पाइपात जातो. आता वॉर्डातल्या सगळ्या बेडचे फ्लोमीटर, म्हणजे ऑक्सिजन किती जातोय ते दाखवणाऱ्या नळ्या, एकाच वेळी उघडा, आणि मग सगळ्यात लांबच्या, त्या कोपऱ्यातल्या बेडपाशी जाऊन उभं राहा. फ्लोमीटरच्या नळीत एक छोटीशी गोळी असते बघा, ती वर टिकते की हळूहळू खाली येते? खरी टेस्ट ही. मग मेन स्विच बंद करा, कारण प्लांट विजेवर चालतो, आणि घड्याळ लावून बघा जनरेटर किती वेळात उचलतो, तोपर्यंत जंबो सिलिंडरवर लाइन कोण घेतं, रात्री तीन वाजता ड्युटीवर जो असतो त्याला ते येतं का.

२१ एप्रिल २०२१, नाशिक. टाकीतून ऑक्सिजन गळायला लागला, सप्लाय तुटला आणि त्या दिवशी २२ पेशंट गेले. मला अजूनही ते पांढऱ्या धुराचे व्हिडिओ बघवत नाहीत.

आणि सापडलेल्या चुका लपवल्या तर ड्रिलचा काय उपयोग? ब्रिटनने ऑक्टोबर २०१६ मध्ये तीन दिवस 'एक्सरसाइज सिग्नस' नावाची फ्लूच्या महामारीची तालीम केली, साडेनऊशेच्या आसपास माणसं त्यात होती, आणि रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की मोठी साथ आली तर आपली तयारी पुरेशी नाही. सरकारने तो रिपोर्ट अधिकृतपणे लोकांसमोर ठेवला ऑक्टोबर २०२० मध्ये! तोवर कोविडची पहिली लाट येऊन गेली होती, वृद्धाश्रमांमधली कितीतरी म्हातारी माणसं गेली होती.

म्हणून तुमच्या तालुक्याच्या हॉस्पिटलात ड्रिल झाली असेल तर माहितीच्या अधिकारात एक साधा अर्ज टाका: त्या दिवशी काय काय बंद सापडलं, आणि ते दुरुस्त कोणत्या तारखेला झालं. उत्तर आलं की मला पाठवा, पुढच्या व्हिडिओत आपण ते वाचू.