गोष्टीचा डेटा कुणाचा?

(दृश्य : परळमधली महापालिकेची शाळा. दुसऱ्या मजल्यावरचं लोखंडी कपाट.)

या शाळेचं ग्रंथालय म्हणजे हे कपाट. वरच्या कप्प्यात गोष्टीची पुस्तकं, खाली जुन्या उत्तरपत्रिका, मधे लेझीम. किल्ली बाईंच्या पर्समध्ये. शनिवारी उघडतं.

आज शुक्रवार. तिसरीचा वर्ग मागे लागलाय, "बाई, गोष्ट!" बाई स्वतःचा मोबाईल काढून स्टोरीवीव्हर उघडतात. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेलं हे संकेतस्थळ, मराठी गोष्टी फुकट. पहिल्या रांगेला चित्र दिसतं, मागच्यांना नुसता आवाज. मधेच बाईंच्या घरून फोन येतो आणि सिंह गुहेच्या तोंडाशी तसाच उभा राहतो.

(दृश्य : मोबाईलच्या पडद्यावर टेकलेली डोकी.)

गोष्ट फुकट आहे, डेटा मात्र बाईंचा.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. प्रत्येक शाळेत वाचनालय हवं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टीची पुस्तकं हवीत, असं त्याच्या परिशिष्टातच लिहिलंय. समग्र शिक्षा योजनेत त्यासाठी सरकारी शाळांना वर्षाला ५,००० ते २०,००० रुपये मिळू शकतात. त्यात केंद्राचे साठ टक्के, महाराष्ट्राचे चाळीस. प्राथमिक शाळेच्या वाट्याला ५,००० येतात. दोनशेचा पट धरा, एका मुलामागे २५ रुपये. मुंबईत तेवढ्यात एक वडापाव येतो. चहा वेगळा.

आता महाविद्यालयांकडे बघू. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'एक राष्ट्र, एक सदस्यत्व' योजना मंजूर केली : संशोधन नियतकालिकांची वर्गणी सरकारने भरायची, सरकारी संस्थांतल्यांनी ती ऑनलाइन वाचायची. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, सुमारे १३,००० संशोधन नियतकालिकं, आणि वाचणारे सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, प्राध्यापक, संशोधक. भागाकार केला तर माणशी वर्षाला अकराशेच्या आसपास. योजना चांगली आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण ऑनलाइन वाचनालयाची वर्गणी सरकार भरू शकतं, हे यातून कळलंच की!

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात असं ऑनलाइन वाचनालय 'गॅलिलिओ' नावाने १९९५ पासून चालू आहे. राज्याच्या पैशातून वर्गणी जाते. विद्यापीठं, सार्वजनिक वाचनालयं, शाळा, सगळे एकाच दाराने आत येतात.

तेच उचलून इथे आणावं? अवघड आहे. मुंबई महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांत चालतात : मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी. तिसरीच्या मराठी वर्गाने इंग्रजी नियतकालिकांचं काय करायचं?

फुकटचं साहित्य कमी नाही. २०१७ मध्ये 'दीक्षा' हे केंद्र सरकारचं शालेय अभ्यासाचं संकेतस्थळ आलं, बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड आले. आयआयटी खरगपूरने उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ मध्ये सगळ्यांना खुलं झालं. पण हे वर्गात उघडायचं कशावर, कुणाच्या नेटवर, आणि कुठलं पुस्तक कुठल्या मुलाला द्यायचं हे सांगणार कोण? प्राथमिक शाळेत ग्रंथपालाचं पद नसतं. बाईच ग्रंथपाल, बाईच खिचडीच्या नोंदी ठेवणाऱ्या.

(दृश्य : धूळ बसलेला टॅब.)

सरकारी पैशाला वस्तू आवडते. वस्तूचं वाटप होतं, फोटो निघतो. २०१५ मध्ये महापालिकेने आठवीच्या मुलांना टॅब दिले, अभ्यासक्रम आत भरून. दप्तराचं ओझं कमी होणार होतं. २०१८ मध्ये आठवीचा अभ्यासक्रमच बदलला. नेटचं बिल, दुरुस्ती, नवं साहित्य हे दर महिन्याचे खर्च. त्यांची फीत कापता येत नाही. महापालिका शिक्षणाचा अर्थसंकल्प दरवर्षी स्वतंत्र मांडते. तो हातात आला की आधी खरेदी बघू नका. वापरासाठी काय ठेवलंय ते शोधा.

(दृश्य : शनिवार. कपाट उघडतं.)

मागच्या रांगेतली मुलगी कप्प्यात सिंहाची गोष्ट शोधतेय. कालची. ती इथे नाही. बाई पर्समधून मोबाईल काढून तिच्या हातात देतात.

"दहा मिनिटं हं. मला घरी फोन करायचाय."