दुसरा कोण? महानगर सोडण्याआधी विचारायचा प्रश्न

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय तो 'महानगर सोडताना लहान शहर कसं पारखावं' असा. तिकडे येणारच आहे. पण समोरचे चेहरे बघून वाटतंय, निम्म्या लोकांनी शहर आधीच पक्कं केलंय आणि आता कुणीतरी 'छान केलंत' म्हणावं एवढीच त्यांची अपेक्षा आहे. वेळ उरला तर तेही म्हणेन.

आधी एक फुशारकी उतरवतो. 'सगळे महानगराकडे धावतायत, आम्ही उलटे निघालो' हे सांगताना लोकांची मान जरा ताठ होते. रॅव्हेनस्टाइन नावाच्या भूगोलतज्ज्ञानं १८८५ सालीच जनगणनेचे आकडे मांडून दाखवलं होतं, की स्थलांतराच्या प्रत्येक मोठ्या ओघाला उलटा ओघ असतोच. तेव्हा तुमची वाट चांगली मळलेली आहे.

माझा लाडका मुद्दा एका प्रश्नात मावतो: दुसरा कोण? महानगरात एक डॉक्टर पटला नाही तर दुसरा गाठायचा, एक नोकरी सुटली तर दुसरी धरायची, लिफ्टवाला आला नाही तर दुसऱ्याला फोन. हे आपण इतकं गृहीत धरतो, की मोजतच नाही. लहान शहरात जाऊन 'अमुक मिळतं का?' म्हणून विचारलं की बहुतेक वेळा 'मिळतं ना!' असं उत्तर येतं, आणि माणूस तिथेच फसतो. विचारायचं असतं ते असं, की तो नसेल तेव्हा दुसरा कोण? हे सविस्तर सांगतो. त्याआधी सामानाबद्दल दोन मिनिटं.

हसू नका, दोनच.

घर हलवताना सगळ्यात जास्त हाल होतात ते समोरून दार असलेल्या वॉशिंग मशीनचे. त्यावरचा इलाज मशीनबरोबरच घरात आलेला असतो आणि कधीच भंगारात गेलेला असतो: ट्रान्झिट बोल्ट. आतला मोठा टब वरून स्प्रिंगांना टांगलेला आणि खालून शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर तोललेला असतो. कपडे पिळताना मशीन नाचू नये म्हणून त्याला काँक्रीटचं जड वजन जोडलेलं असतं. हा सगळा डोलारा कपडे धुताना मोकळा हलायलाच हवा. पण तोच ट्रकमध्ये शेकडो किलोमीटर हिंदकळत राहिला, तर स्प्रिंग निसटते, शॉक अ‍ॅब्सॉर्बरची पिन तुटते, काँक्रीटला तडा जातो, टब पत्र्यावर आदळतो. म्हणून कारखान्यातून मशीन निघतं तेव्हा मागच्या पत्र्यातून लांब बोल्ट, बहुधा तीन किंवा चार, टबात आवळलेले असतात. बसवायला आलेला माणूस ते काढतो, भोकांना प्लास्टिकची टोपणं लावतो, बोल्ट आपल्या हातात देतो आणि 'जपून ठेवा' म्हणतो. आपण मान डोलावतो. इथे किती जणांना आपले बोल्ट कुठे आहेत ते ठाऊक आहे? दोन हात वर. त्यातला एक हात खाली येतोय.

सापडत नसतील तर मॉडेल क्रमांक बघा. तो दाराच्या आतल्या कडेला नाहीतर मागच्या पत्र्यावर असतो. त्या क्रमांकाचे बोल्ट निघण्याआधी निदान तीन आठवडे मागवा. दुसऱ्या मॉडेलचे 'बसतात हो' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. लांबी जरा कमी पडली तरी टब आवळला जात नाही, आणि आवळलाय असं समजून आपण निर्धास्त. बोल्ट लावण्याआधी पाणी काढायचं. नळ बंद करून नळी सोडवायची, मग पुढे खालच्या बाजूची झाकणी उघडून पंपाचा फिल्टर सावकाश फिरवायचा, खाली पसरट भांडं आणि जुना टॉवेल ठेवून. रिकामं वाटणारं मशीनही बऱ्यापैकी पाणी सोडतं, आणि इथे सोडलं नाही तर ट्रकमध्ये तुमच्या गाद्यांवर सोडतं. नव्या घरी याच्या उलट चूक होते. बोल्ट काढायचेच राहतात, पहिल्याच पिळणीला मशीन खोलीभर चालत सुटतं, आणि बोल लागतो ट्रकवाल्याला.

फ्रिज आदल्या दिवशीच बंद करून दार उघडं ठेवा, बर्फ वितळू द्या, मागच्या ताटलीतलं पाणी ओतून टाका. न्यायचा तो उभा. आडवा केला की कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत उतरतं. नाइलाजानं आडवा न्यावा लागलाच, तर जितका वेळ आडवा होता निदान तितका वेळ उभा ठेवून मग चालू करायचा. प्रवास लांबचा असेल तर पूर्ण दिवस थांबा.

आता पुस्तकं. लांबी, रुंदी, उंची तिन्ही ४५ सेंटिमीटर असलेल्या खोक्यात ९० लिटर जागा असते. ते पुस्तकांनी ठासून भरलं तर वजन ५० किलोच्या पुढे जातं, आणि तळ फाटतो तो नेमका जिन्यात. पुस्तकांना छोटी खोकी घ्या, एकात १५ किलोच्या आसपास; मोठ्या खोक्यांत उशा आणि पांघरुणं. नाव झाकणावर लिहू नका, दोन बाजूंवर लिहा, कारण एकावर एक रचल्यावर झाकणं दिसत नाहीत. पलंगाचे स्क्रू पिशवीत घालून पिशवी पलंगाच्याच फळीला चिकटपट्टीनं बांधा. 'सगळे स्क्रू एका डब्यात' हा विचार फार नीटनेटका वाटतो आणि नव्या घरी रात्री अकरा वाजता फार महागात पडतो. पहिल्या रात्रीचं खोकं ट्रकमध्ये सगळ्यात शेवटी चढवा, म्हणजे सगळ्यात आधी उतरेल: पाना, स्क्रू ड्रायव्हर, एक्स्टेंशन बोर्ड, बल्ब, साबण, चादरी. औषधं आणि कागदपत्रं ट्रकमध्ये घालूच नका...

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटं.' अक्षर सुरेख आहे, मजकूर तेवढा कठोर. बरं, शहर.

वाल्टर क्रिस्टालर या जर्मन भूगोलतज्ज्ञानं १९३३ मध्ये एक साधी मांडणी केली. कुठलीही सेवा तगायची तर तिला किमान काही गिऱ्हाईक लागतं, आणि ते गिऱ्हाईक ठरावीक अंतरापलीकडून येत नाही. याचा अर्थ असा, की शहर दहापट लहान झालं म्हणून सगळंच दहापट कमी होत नाही. किराणा, केस कापणं, सर्दी-तापाचा डॉक्टर यांत तुम्हाला फरकही जाणवणार नाही. वरच्या पायऱ्यांवरच्या, म्हणजे क्वचित कुणाला लागणाऱ्या सेवा मात्र एकदम शून्यावर येतात.

आकडे घालून बघू. दोन लाख वस्तीचं शहर. दर हजारी १५ जन्म धरले तर वर्षाला ३,००० बाळं. जन्मजात हृदयदोष हजार बाळांत साधारण ८ ते १० जणांना असतो, म्हणजे २४ ते ३०. त्यांतल्या जवळपास चौथ्या हिश्शाचा दोष इतका गंभीर असतो, की पहिल्या वर्षातच शस्त्रक्रिया किंवा तसाच मोठा उपचार लागतो. उरले सहा ते आठ. वर्षाला एवढ्याच मुलांवर बालहृदय शस्त्रक्रियेच्या चमूचा हात सरावात राहत नाही. शहर कितीही सुधारलं तरी ती सोय तिथे होणार नाही, आणि यात कुणाचा नालायकपणाही नाही.

म्हणून घरात ज्या गोष्टींवाचून खरोखर अडतं तेवढ्याच लिहून काढा. पाच-सहाच निघतील. कुणाचं डायलिसिस, कुणाची विशेष शाळा, कुणाची नोकरी. प्रत्येकीपुढे दुसऱ्याचं नाव लिहा. आणि तो दुसरा खरोखर वेगळा आहे का ते तपासा, इथे फार जण चकतात. रुग्णालयं दोन असतात, पण दोन्हीकडे मेंदूचा डॉक्टर एकच, इथे सोमवारी आणि तिथे गुरुवारी. इंटरनेटच्या कंपन्या दोन असतात आणि दोघींच्या तारा एकाच चरातून जातात. खोदकामवाल्यानं फावडं घातलं की दोन्ही बंद. जिथे दुसरा नाहीच, तिथे जवळच्या मोठ्या शहरापर्यंत किती तास लागतात ते लिहा, आणि तेही रात्री दोन वाजताचे. दुपारचे तास लिहून समाधान करून घेऊ नका.

नोकरीचं तेच. अल्फ्रेड मार्शल या अर्थशास्त्रज्ञानं १८९० मध्येच लिहून ठेवलंय, की विशेष कसब असलेला माणूस तिथेच जातो जिथे त्या कसबाला मागणी करणारे मालक पुष्कळ असतात. एकुलत्या एका मालकालाही ठाऊक असतं, की तुम्हाला दुसरीकडे जायला जागा नाही. पगारवाढीच्या बोलण्यात ते बरोबर दिसतं. नवरा-बायको दोघंही कमावते असतील तर हा हिशेब दोनदा करायचा. बहुतेक घरांत तो एकदाच होतो, आणि कुणाचा राहतो हे सांगायला नको.

प्रवास. अंतरं कमी होतात, खरं आहे. पण बस दर ४ मिनिटांनी असेल तर सरासरी २ मिनिटं थांबावं लागतं, दर ४० मिनिटांनी असेल तर २०. वेळापत्रक पाठ करून थांबणं टाळता येतं, बस बदलायची वेळ आली की तेही जमत नाही. मग घरात गाडी येते, पाठोपाठ दुसरी गाडी. आणि गाडी न चालवणारी माणसं, म्हणजे म्हातारे आणि मुलं, चालवणाऱ्याच्या सवडीवर जगू लागतात. महानगरात जी आजी एकटी लोकलनं फिरत होती, तिला आता 'मला सोडशील का?' असं विचारावं लागतं. शहर पारखताना तिला बरोबर न्या आणि एक दिवस तिचं तिला फिरू द्या.

पारखायला जायचं ते सुट्टीत नको. तिथल्या सगळ्यात वाईट ऋतूत, कामाचे सलग पंधरा दिवस, रोजचं काम तिथूनच करत राहा. त्यानंतर वर्षभर भाड्याच्या घरात राहून बघा. महानगरातलं घर तोवर विकू नका, भाड्यानं द्या. लहान शहरात घेतलेलं घर विकायला काढलं तर गिऱ्हाईक मिळायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात महानगरातल्या किमती पुढे सरकलेल्या असतात, त्यामुळे परतीची वाट जायच्या वाटेपेक्षा अवघड होऊन बसते. वर्ष झाल्यावर तीच पाच-सहा नावांची यादी पुन्हा काढा आणि त्यातल्या 'दुसऱ्यां'पैकी कितीजण अजून त्या शहरात आहेत ते बघा. लहान शहरांतून तेही उठून जातात, बहुधा महानगराकडेच.

दुसरी चिठ्ठी आलीय, ती मी वाचत नाही. प्रश्न असतील तर विचारा. वॉशिंग मशीनचे बाहेर.