आधी उतरायची वेळ ठरवा

मंडळी, डोंगरावर एक दिवस जाऊन यायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, कुठे जायचं? कुणीतरी फोटो दाखवतं, कुणी जाऊन आलेलं असतं, एखादं शिखर मनात भरतं आणि मग बाकीचा दिवस त्या शिखराभोवती कसाबसा बसवला जातो. मी आज तुम्हाला दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करायला सांगणार आहे. त्या दिवशी अंधार किती वाजता पडतो ते आधी बघा. तिथून एकेक टप्पा मागे या. मागे येता येता जेवढे तास हातात उरतील, तेवढ्यात मावणारा डोंगर निवडा.

एका दिवसाची सहल म्हणजे सोपी सहल, असा आपला समज असतो. मला तो धोक्याचा वाटतो. मुक्कामाच्या तयारीने निघालेल्या माणसाच्या पाठीवर रात्र काढायची सोय असते. उशीर झाला तर तो वाटेत पाल टाकतो आणि सकाळी पुढे जातो. एका दिवसासाठी आलेल्याकडे पाण्याची बाटली, थोडं खाणं आणि एखादं पातळ जाकीट असतं. रात्र झाली की तो उघड्यावर पडतो. शिवाय त्याचं अर्धं मन शहरात अडकलेलं असतं. शेवटची गाडी, उद्याचं ऑफिस, घरी दिलेला शब्द. या गोष्टी डोंगरात माणसाला घाई करायला लावतात, आणि पाय मुरगळतो तो अशा घाईतच.

आता हिशेबच मांडू. समजा सूर्य सव्वासहाला मावळतो. फोनवर दिसणारी ही वेळ मोकळ्या क्षितिजाची असते. तुम्ही डोंगराच्या पूर्व अंगाने उतरत असाल, तर सूर्य त्याच डोंगराआड कितीतरी आधी जातो. घळीत आणि दाट झाडीत पायाखालचे दगड दिसेनासे होतात तेव्हा पठारावर अजून ऊन असतं. विषुववृत्ताजवळच्या प्रदेशात संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांत आटोपतो, उत्तरेकडे वर जावं तसा तो रेंगाळतो. ऋतूचा फरकही तिकडे भयंकर असतो. ६० अंश अक्षांशावर जूनमधला दिवस जवळपास १९ तासांचा असतो, डिसेंबरमधला जेमतेम ६ तासांचा. उन्हाळ्यात आरामात केलेली वाट हिवाळ्यात एका दिवसात बसतच नाही. तर सूर्यास्त सव्वासहाचा असेल, तर पायथ्याला पोचायची वेळ पाच धरा. सव्वा तास उजेड शिल्लक ठेवून.

वाटेला वेळ किती लागेल, याचं उत्तर १८९२ मध्ये विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने एका टिपणात देऊन ठेवलं आहे. त्याने एका दिवसात तीन डोंगर केले होते. चाल १० मैल, एकूण चढ ६,३०० फूट, लागलेला वेळ साडेसहा तास, वाटेतल्या छोट्या विश्रांती धरून. त्याच्या लक्षात आलं की हे सगळं एका सोप्या सूत्रात बसतं: नकाशावरच्या दर ३ मैलांना एक तास, आणि दर २,००० फूट चढाला आणखी एक तास. करून बघा, बरोबर साडेसहा येतात. आज आपण ते सोयीसाठी ५ किलोमीटरला एक तास आणि ६०० मीटर चढाला एक तास असं वापरतो. मात्र हा अंदाज धडधाकट माणसांसाठी आणि सोप्या वाटांसाठी आहे, हे त्याने स्वतःच तिथे लिहिलं होतं. ते वाक्य लोक विसरतात, सूत्र तेवढं लक्षात ठेवतात.

आपला डोंगर असा धरू: जायला ६ किलोमीटर, त्यातले पहिले तीन सपाटीचे आणि पुढच्या तीनमध्ये ८०० मीटरचा चढ. सूत्राने चालण्याचे १ तास १२ मिनिटं, चढाचे १ तास २० मिनिटं, मिळून अडीच तासांच्या आसपास. आठवडाभर खुर्चीत बसलेली माणसं, पाण्यासाठी थांबणं, वाट चुकून पन्नास पावलं मागे येणं, हे सगळं धरून मी त्याची दीडपट करतो. म्हणजे ३ तास ५० मिनिटं.

आणि उतरायला? इथे बहुतेक जण म्हणतात, "अर्ध्या वेळात येऊ." येत नाही. एरिक लँगमूर या गिर्यारोहकाने नेस्मिथच्या सूत्रात उताराची दुरुस्ती सुचवली: उतार १२ अंशांपेक्षा तीव्र असेल, तर दर ३०० मीटर उतरण्यामागे १० मिनिटं वाढवा. वॉल्डो टॉब्लर या भूगोलतज्ज्ञाने १९९३ मध्ये चालीचं जे समीकरण मांडलं, तेही हेच सांगतं. त्यानुसार माणूस सर्वांत वेगाने चालतो तो अगदी हलक्या उतारावर, १०० मीटरला ५ मीटर खाली जाणाऱ्या वाटेवर, ताशी ६ किलोमीटर. सपाटीवर ताशी ५. पण १०० मीटरला ३० मीटर उतरणाऱ्या वाटेवर वेग अडीचवर येतो, म्हणजे १०० मीटरला २० मीटर चढणाऱ्या वाटेवर जेवढा असतो तेवढाच. चढताना दमछाक होते ती छातीची. उतरताना मांडीचे स्नायू प्रत्येक पावलाला ब्रेक लावत असतात, आणि ते दमले की गुडघा थरथरायला लागतो. आपल्या डोंगराला लँगमूरची दुरुस्ती लावली तर चालण्याचे १ तास १२ मिनिटं आणि उताराची २७, म्हणजे उतरायला १ तास ४० मिनिटं, दीडपट केली की अडीच तास.

आता मागे मागे या. पाचला पायथा, तर माथा अडीचला सोडायचा. माथ्यावर अर्धा तास, म्हणजे पोचायचं दोनला. चढाचे ३ तास ५० मिनिटं वजा केले की पायथ्यापासून निघायची वेळ सकाळी १० वाजून १० मिनिटं. शहरापासून पायथा दोन तासांवर असेल, तर घर आठ वाजून १० मिनिटांनी सोडायचं. ही झाली शेवटची वेळ. आपण सहालाच निघायचं. मधले दोन तास आणि वरची दहा मिनिटं ही आपली शिल्लक.

आणि ही शिल्लक बहुतेक वेळा डोंगरात खर्च होतच नाही, शहरातच संपते. कुणी वीस मिनिटं उशिरा खाली येतं. गाडीत इंधन भरायचं राहिलेलं असतं. वाटेत न्याहारीला दहा मिनिटं थांबू म्हणतात आणि पाऊण तास जातो. पायथ्याला पोचल्यावर कुणाची पिशवी पुन्हा बांधायची असते. पहिलं पाऊल वाटेवर पडायच्या आत शिल्लक शून्य झालेली असते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण अजून सकाळच असते, सगळे ताजेतवाने असतात. म्हणून इंधन आदल्या संध्याकाळी, पिशव्या आदल्या रात्री, आणि झोपही आदल्या रात्रीच. झोपेचा मुद्दा मी मुद्दाम घेतो, कारण सहा-सात तास चालून आल्यावर कुणीतरी दोन तास गाडी चालवणार असतं. शक्य असेल तिथे मी रेल्वे किंवा बस धरतो. मग परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ सूर्यास्ताशेजारी लिहायची आणि दोन्हींतली जी आधी येईल तिच्यापासून हिशेब लावायचा.

हे सगळं मी पुस्तकी म्हणून सांगत नाही. एकदा आम्ही चौघं होतो. मागे फिरायची वेळ दोन ठरली होती. दोन वाजले तेव्हा शेवटच्या चढणीखाली उभे होतो, माथा समोर दिसत होता. "वीस मिनिटांत पोचू," असं मीच म्हणालो. दिसत होता तो फसवा माथा होता. फुगीर उतारावर खालून फक्त पुढचा फुगवटा दिसतो, त्यामागचा चढ लपलेला असतो. आम्हाला पन्नास मिनिटं लागली. उतरताना एकाचा गुडघा धरला. अंधार पडला तेव्हा आम्ही घळीत होतो, चौघांत एक टॉर्च. टॉर्चवाला एक पाऊल खाली उतरायचा, वळायचा, मागच्याच्या पायाशी उजेड टाकायचा. मागचा पाय ठेवायचा, स्थिर व्हायचा, सरकायचा. मग उजेड तिसऱ्याच्या पायाशी. मग चौथ्याच्या. चौघं आले की पुन्हा टॉर्चवाल्याचं पुढचं पाऊल. सकाळी दहा मिनिटांत चढलेला तुकडा उतरायला तास लागला. कुणी बोलत नव्हतं, खडी घरंगळल्याचा आवाज तेवढा येत होता. घरी वाट बघणाऱ्यांना आम्ही डोंगराचं नाव सांगितलं होतं, वाट कोणती ते सांगितलं नव्हतं. मदत निघाली असती तरी कुठल्या बाजूने वर यायचं, हे कुणाला कळलं नसतं.

त्या रात्रीपासून मी दोन नियम पाळतो. मागे फिरायची वेळ घरून निघतानाच सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायची, आणि घड्याळ सांभाळायचं काम वाट दाखवणाऱ्याकडे द्यायचं नाही. वाट दाखवणाऱ्याला माथा गाठायचा असतो. घड्याळ दुसऱ्याच्या हातात असलं की तो "वेळ झाली" म्हणू शकतो, आणि तो म्हणाला की वाद घालायचा नाही. प्रत्येकाची स्वतःची टॉर्च, हे तर आता मी तपासूनच घेतो. फोनचा उजेड टॉर्च म्हणून धरायचा नाही. डोंगरात रेंज शोधून शोधून फोन लवकर संपतो, थंडीत तर आणखीच लवकर, आणि मदत बोलवायला तोच लागणार असतो. टॉर्च किंवा शिट्टीने मदत मागायची आंतरराष्ट्रीय खूण पाठ करून ठेवा: एका मिनिटात ६ इशारे, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा ६. मिनिटाला ३ इशारे आले, तर ते तुम्हाला मिळालेलं उत्तर.

वेळेचं गणित नेहमी सगळ्यांत मागे चालणाऱ्याच्या पायाने करायचं. एक गोष्ट मला फार लागते. पुढचे जण सावलीत बसून दहा मिनिटं विश्रांती घेतात, मागचा धापा टाकत पोचतो, आणि तो पोचला रे पोचला की पुढचे उठून चालू लागतात. दिवसभरात ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज, त्याला ती एकदाही मिळत नाही. त्याला पुढे ठेवा, वाट दाखवणाऱ्याच्या लगेच मागे. सगळ्यांची चाल त्याची होईल आणि थांबेही खरे होतील.

हवामानाचंही तसंच. आपण शहराचा अंदाज बघून कपडे भरतो. दर १,००० मीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. शहरात २८ अंश असतील आणि माथा १,५०० मीटर वर असेल, तर तिथे १८च्या आसपास. त्यात चढून घामाने भिजलेला सदरा आणि डोंगराच्या धारेवरचा वारा. माथ्यावर पोचल्यावर पहिलं काम कोरडा कपडा घालायचं, फोटो नंतर. आणि दुपार सांभाळा. सकाळच्या उन्हाने उतार तापतात, हवा त्यांच्या अंगाने वर चढते आणि शिखरांवर कापसासारखे ढग जमू लागतात. ते रुंदीपेक्षा उंचीला जास्त वाढताना दिसले, तर घड्याळातली वेळ विसरून खाली निघा. वीज दिसल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा, दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला, तर उघडी धार आणि एकटं झाड सोडलेलं बरं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत परत वर यायचं नाही.

पाण्याचं थोडक्यात सांगतो: चालण्याच्या दर तासाला माणशी अर्धा लिटर, ऊन कडक असेल तर त्याहून जास्त. नकाशावर ओढा तुटक निळ्या रेषेने दाखवला असेल, तर तो वर्षभर वाहत नाही. त्याच्या भरवशावर बाटली रिकामी करू नका.

निघायच्या आदल्या रात्री एक कागद लिहा आणि घरी ठेवा. कोणत्या वाटेने चढणार, कोणत्या वाटेने उतरणार, बरोबर कोण, गाडी कुठे लावणार. खाली तीन वेळा: चढायला लागण्याची, मागे फिरण्याची, आणि "इतक्या वाजेपर्यंत फोन आला नाही तर मदत मागा" ही तिसरी. आपल्या डोंगराला पायथा पाचचा आहे, तर ही तिसरी वेळ मी साडेआठची लिहीन. ती लिहिली नाही, तर घरचं माणूस मध्यरात्रीपर्यंत स्वतःची समजूत घालत बसतं.

आता पुढचा अर्धा तास मी बोलणार नाही. तुमच्यासमोर नकाशे आहेत, १:२५,००० प्रमाणाचे, म्हणजे ४ सेंटिमीटरला एक किलोमीटर. प्रत्येकाला दोऱ्याचा एक तुकडा दिला आहे. तो वाटेच्या वळणावळणाने ठेवा, टोकाला बोटाने दाबा, सरळ करून पट्टीवर मोजा. मग वाट ओलांडणाऱ्या तपकिरी समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, मोजा. या नकाशात दोन रेषांमध्ये उंचीचा २० मीटरचा फरक आहे, तेव्हा चाळीस रेषा म्हणजे ८०० मीटर. रेषेच्या वळणाचं टोक चढाच्या दिशेला शिरलं असेल तर ती घळ, उताराच्या दिशेला आलं असेल तर डोंगराची सोंड. सूर्यास्ताची वेळ फळ्यावर लिहिली आहे. तिथून मागे या, आणि घर किती वाजता सोडायचं ते मला सांगा.