सेरामपूरचे सहा प्रश्न आणि आपली सेकंडरी

(न्यू जर्सीतील मराठी विद्यार्थी आणि पालकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आपल्या कार्यवाहांनी मला पंचेचाळीस मिनिटे दिली आहेत आणि ‘मेडिकल स्कूलच्या सेकंडरी अर्जातील निबंध कसे लिहावेत’ असा विषय दिला आहे. सेकंडरी म्हणजे मूळ अर्जानंतर प्रत्येक कॉलेज आपापले प्रश्न घालून मागवते तो दुसरा अर्ज. मागच्या स्वयंपाकघरातून बटाटेवड्यांचा वास आला की वेळ संपली असे समजावे, असेही त्यांनी बजावले आहे. माझी पहिली तक्रार विषयातल्या ‘निबंध’ या शब्दाबद्दलच आहे आणि ती मांडल्याशिवाय मला पुढे सरकता येणार नाही.

आपल्या पिढीला निबंध म्हटले की ‘नदीचे आत्मवृत्त’ आठवते. आरंभी एखादे सुभाषित, मग उगमापासून सागरापर्यंतचा प्रवास, मधे दोन उपमा आणि शेवटी मानवजातीला उपदेश. असा निबंध लिहून मी सातवीत वीसपैकी सतरा गुण मिळवले होते, आणि तोवर मी डबक्यापलीकडे पाणी पाहिले नव्हते. पुढे या देशात एका मेडिकल स्कूलच्या प्रवेश समितीवर मी अनेक वर्षे अर्ज वाचले, तेव्हा एडिसन आणि प्लेन्सबरोमध्ये जन्मलेल्या मुलांच्या उत्तरांतून मला तीच नदी वाहताना दिसू लागली. या मुलांनी मराठी शाळेचे तोंडही पाहिलेले नसते, मग ही नदी आली कोठून, याचा मी पुष्कळ दिवस विचार केला. उत्तर सोपे होते. ती त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसलेल्या आईवडिलांकडून आली होती. (हशा.) हसणाऱ्यांत तिसऱ्या रांगेतले काही चेहरे जरा उशिरा हसले, याची मी नोंद घेतली आहे.

आपला दोषही मी समजू शकतो. मी स्वतः 1981 साली बारावीच्या भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राच्या गुणांवर मेडिकलला गेलो. प्रवेशाच्या खिडकीत बसलेल्या गृहस्थांनी मला ‘तुला डॉक्टर का व्हायचे आहे’ असे विचारले नाही, ‘मूळ गुणपत्रिका आणली आहे का’ एवढेच विचारले. आज तिकडे आपल्या भाचेपुतण्यांना नीटचे 180 प्रश्न सोडवून 720 पैकी गुण मिळवावे लागतात. परीक्षा बदलली, तरी खिडकीतला प्रश्न बदललेला नाही. अशा व्यवस्थेतून आलेल्या माणसाला येथे मुलाचा जीपीए, म्हणजे कॉलेजातल्या गुणांची सरासरी, उत्तम आहे, एमकॅट या मेडिकल प्रवेशपरीक्षेत 528 पैकी 517 आहेत, तरीही वीस कॉलेजे त्याला वीस तऱ्हांनी ‘तू कोण’ असे विचारत आहेत, हे पाहून गोंधळायला होते. गोंधळलेला मराठी माणूस दोनच गोष्टी करतो: एक तर कुणाकडून तरी जुन्या निबंधांची झेरॉक्स मिळवतो, नाहीतर स्वतः लिहायला बसतो.

आता मी माझ्या आवडत्या विषयाकडे वळतो. ज्यांनी तो माझ्याकडून आधी ऐकला आहे, त्यांनी वड्यांकडे लक्ष ठेवावे.

अमेरिकन मेडिकल कॉलेजकडे आपल्या भाषेच्या माणसाने केलेला पहिला प्रसिद्ध अर्ज 1883 सालचा, आणि तो आनंदीबाई जोशी यांचा. त्या अमेरिकेत येऊन उतरल्या त्या आपल्याच राज्यातल्या रोझेल गावी, थिओडिशिया कार्पेंटर या बाईंच्या घरी. त्यांचे पदवीचे छायाचित्र आपण सर्वांनी पाहिलेले असते, अर्ज मात्र फारसा कुणी वाचलेला नसतो. गंमत अशी की या अर्जाच्या आधी आणखी एक अर्ज झाला होता आणि तो त्यांचे पती गोपाळराव यांनी लिहिला होता. पत्नीला अमेरिकेत शिकवायचे म्हणून त्यांनी रॉयल वाइल्डर या मिशनऱ्यांना पत्र पाठवले. वाइल्डर यांनी ते आपल्या नियतकालिकात छापले आणि ख्रिस्ती व्हावे असे सुचवले. म्हणजे पालकाने लिहिलेल्या अर्जाला प्रवेशाऐवजी धर्मांतराचा सल्ला मिळाला. न्यायाने हेही सांगायला हवे, की तेच छापील पत्र दातांच्या डॉक्टरकडे वाट पाहत बसलेल्या कार्पेंटरबाईंच्या हाती पडले आणि पुढची सगळी गोष्ट घडली. तेव्हा गोपाळरावांना निम्मे गुण द्यावेत, असे माझे मत आहे.

उरलेले सगळे गुण आनंदीबाईंचे. निघण्यापूर्वी, 24 फेब्रुवारी 1883 रोजी, बंगालमधल्या सेरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात त्यांनी इंग्रजीत भाषण केले. तेव्हा त्या अठरा वर्षांच्याही झालेल्या नव्हत्या. लोक आपल्याला वारंवार विचारतात ते सहा प्रश्न त्यांनी स्वतःच पुढे ठेवले आणि एकेकाचे उत्तर दिले. मी अमेरिकेला का जाते? हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही काय? मी एकटी का जाते? परत आल्यावर मला वाळीत टाकणार नाहीत काय? तिकडे संकट ओढवले तर मी काय करीन? आणि माझ्या जातीच्या, म्हणजे स्त्रीजातीच्या, कुणीच केले नाही ते मी का करावे?

आता तुमच्या मुलांच्या संगणकावर जुलैत येणारे प्रॉम्प्ट, म्हणजे सेकंडरीतले प्रश्न, आठवा. आमचेच कॉलेज का? तुमच्या आयुष्यातली अडचण सांगा. अपयश आले तेव्हा काय केले? ज्या समाजातून आलात, त्याच्याशी तुमचे नाते काय? सहापैकी निदान चार प्रश्न तर सरळसरळ तेच आहेत. शिकून परत आल्यावर आपण हिंदू म्हणूनच आपल्या माणसांत राहू, असे आनंदीबाईंनी तेथे सांगितले. देशाला हिंदू स्त्री-डॉक्टरांची गरज आहे आणि त्या कामासाठी मी स्वतःला पुढे करते, असेही सांगितले. त्यात नदी मात्र कोठेच नाही. पुढे जूनमध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला लिहिलेल्या पत्रात तर त्यांनी आपण प्रवेशाच्या सर्व अटी पुऱ्या करत नसू, हेही कबूल करून टाकले. आपले प्रकरण अपवादात्मक आहे, तेव्हा उदारपणे विचार व्हावा आणि मित्र व जात यांच्या विरोधाला न जुमानता ज्या निर्धाराने आपण येथवर आलो, तो निर्धार जमेस धरावा, अशी त्यांची मागणी होती. कॉलेजने त्यांना घेतले आणि 11 मार्च 1886 रोजी त्या पदवीधर झाल्या. आज त्या कॉलेजचा वारसा ड्रेक्सेल विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजकडे आहे, आणि आपली बरीच मुले तेथे अर्ज करतात, हे माहीत नसताना.

सांगायचा मुद्दा असा, की त्या मुलीने निबंध लिहिला नव्हता. तिला कुणीतरी काहीतरी विचारले होते आणि तिने त्याचे उत्तर दिले होते. सेकंडरीला मी ‘उत्तरपत्र’ म्हणतो. माझी बायको म्हणते की हा शब्द चालणार नाही. तिचे बहुधा खरे आहे.

आता एक कबुली देतो, कारण मी तिसऱ्या रांगेवर टीका करून बसलो आहे. काही वर्षांपूर्वी माझी भाची अर्ज करत होती. कॉलेजच्या दिवसांत ती शनिवारी एका औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करत असे. ‘तुम्हाला काय करावे ते कळले नाही, असा प्रसंग सांगा’ या प्रश्नाला तिने लिहिले होते, की एका म्हाताऱ्या बाईंनी चार औषधे घेतली, पैसे कमी पडले, आणि त्यांनी काउंटरवरच्या या मुलीला विचारले, ‘यांतली कोणती गोळी अर्धी करून घेतली तर चालेल?’ भाची गप्प राहिली. फार्मासिस्ट फोनवर होते. बाईंनी दोन औषधे परत केली आणि त्या निघून गेल्या. पुढच्या शनिवारी भाचीने फार्मासिस्टना विचारून सवलतीच्या योजनांचा एक कागद काउंटरखाली ठेवला. त्या बाई मात्र परत दिसल्या नाहीत. एवढेच. दीड हजार कॅरेक्टर्सही झाली नव्हती.

मी तो मजकूर वाचला आणि मामापणाने म्हणालो, ‘यात तू काहीच केलेले नाहीस. असे लिहू नये.’ त्याऐवजी तिने सुट्टीत कोकणात एका आरोग्य शिबिरात चार दिवस घालवले होते, ते घ्यावे असे मी सुचवले, आणि सुचवता सुचवता लिहूनच दिले. लाल मातीची वाट आली, रक्तदाबाने बेजार झालेली एक आजी आली, तिच्या डोळ्यांतली कृतज्ञता आली. कृतज्ञता डोळ्यांतच का असते, ती कधी गुडघ्यात का दिसत नाही, असा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. भाचीने ‘मामा, मला ती आजी नीटशी आठवतही नाही’ असे दोनदा सांगितले. मी दोन्ही वेळा स्वल्पविराम दुरुस्त करत होतो.

मुलाखत मिळाली. मुलाखत घेणाऱ्या डॉक्टरांनी फाइल उघडून विचारले, ‘त्या आजींचा रक्तदाब पुढे कसा राहिला? शिबिरानंतर त्यांची औषधे कोण देणार होते?’ हा प्रश्न कोणताही शहाणा डॉक्टर विचारील. मी स्वतः समितीवर असताना असंख्य शिबिरवीरांना विचारला आहे. भाचीला उत्तर ठाऊक नव्हते, कारण आजी माझी होती. तिथे तिला प्रवेश मिळाला नाही. तेवढ्याच एका कारणाने मिळाला नाही असे मी म्हणणार नाही, पण परतीच्या गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती आणि मी तिला विमानतळ येईपर्यंत काही विचारले नाही. उरलेल्या कॉलेजांना तिने मला न दाखवता उत्तरे पाठवली. गोळीची गोष्ट परत आली होती, हे मला फार नंतर कळले. आज ती निवासी डॉक्टर आहे, आणि तिच्या रुग्णांच्या औषधांच्या किमती तिला पाठ असतात.

वास येऊ लागला आहे. कार्यवाह घड्याळ दाखवत आहेत. म्हणजे ज्यासाठी आपण मला बोलावले, ते आता दहा मिनिटांत सांगावे लागणार.

वेळापत्रक असे असते. ॲमकॅस या मेडिकल कॉलेजांच्या सामाईक अर्जसेवेचा प्रायमरी, म्हणजे मूळ, अर्ज सर्व कॉलेजांना एकच, त्यातले पर्सनल स्टेटमेंट 5,300 कॅरेक्टर्सचे. जूनच्या अखेरीस तो अर्ज कॉलेजांकडे जातो आणि त्यानंतर सेकंडरी सुरू होतात. काही कॉलेजे चाळणी लावून पाठवतात, पुष्कळशी जवळजवळ सर्वांना पाठवतात, म्हणून सेकंडरी आली याचा अर्थ कुणाला आवडलो असा होत नाही; पेढे वाटू नयेत. प्रत्येकीचे शुल्क वेगळे, बहुधा शंभर डॉलरच्या आसपास. ज्यांना ते जड जाते, त्यांनी एएएमसीची, म्हणजे अमेरिकन मेडिकल कॉलेजांच्या संघटनेची, शुल्कसवलत अर्ज भरण्याच्या आधीच मागावी, नंतर मागून उपयोग नाही. वीस कॉलेजे आणि प्रत्येकी चार प्रश्न धरले तर ऐंशी उत्तरे होतात. अर्ज येतील तसे प्रवेश दिले जातात, त्यामुळे दोन आठवड्यांत उत्तर परत पाठवावे असा संकेत आहे. कॉलेजे वर्षानुवर्षे बहुतांश तेच प्रश्न ठेवतात, म्हणून मे महिन्यातच कच्ची उत्तरे लिहायला घ्यावीत.

‘आमचेच कॉलेज का’ याला कॉलेजच्या संकेतस्थळावरची वाक्ये परत पाठवू नयेत. ती त्यांनीच लिहिली आहेत. जॉर्जटाउन हे जेझुइटांचे विद्यापीठ, तेथे ‘क्युरा पर्सोनालिस’, म्हणजे माणसाची समग्र काळजी, हे ब्रीद आहे, आणि ते शब्द उद्धृत केलेल्या अर्जांचा तेथे ढीग लागत असणार. तुम्ही एखाद्या रुग्णाची अशी काळजी घेतलेली पाहिली असेल, तर ते लिहा आणि लॅटिन सोडून द्या. लोमा लिंडा विद्यापीठ ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या चर्चचे आहे, तेथे श्रद्धेविषयी विचारतात. गणपती बसवणाऱ्या मुलाने तेथे अर्ज करायला हरकत नाही, पण प्रश्न चुकवू नये.

विविधतेच्या प्रश्नाबद्दल दोन शब्द. 1978 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गाजलेला ॲलन बाकी या अर्जदाराचा खटला कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या मेडिकल स्कूलविरुद्धचाच, शंभरपैकी सोळा राखीव जागांचा. 29 जून 2023 रोजी, म्हणजे नेमके सेकंडरी सुटण्याच्या दिवसांत, न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्यावर बंदी घातली. मात्र अर्जदाराने वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे लिहिले, तर ते विचारात घेता येईल, असेही निकालात म्हटले. त्यानंतर पुष्कळ कॉलेजांनी प्रश्नाची शब्दरचना बदलली. आपल्या मुलांनी येथे ‘दोन संस्कृतींतला पूल’ बांधू नये, असे पूल मी समितीवर मोजायचे सोडून दिले होते. आजोबांच्या दवाखान्याच्या भेटीत दुभाष्या म्हणून बसलेल्या मुलीने कोणता शब्द तिला मराठीत सापडला नाही, ते लिहावे.

‘ऐच्छिक’ असे लिहिलेला प्रश्न सांगण्यासारखे असेल तर सोडवावा, जुन्या उत्तराची फेरमांडणी म्हणून सोडवू नये. एखाद्या सत्रात गुण घसरले असतील, तर चार वाक्यांत कारण आणि पुढची सुधारणा द्यावी. आनंदीबाईंनी आपल्या उणिवेची कबुली दोन ओळींत दिली होती. एआयबद्दल विचाराल, तर ॲमकॅसने विषय सुचवून घेणे, शुद्धलेखन, संपादन यांसाठी तो मान्य केला आहे, पण अंतिम मजकूर तुमचे स्वतःचे काम आणि अनुभव दाखवणारा हवा. माझ्या हाती तेव्हा एआय नव्हता, मामा होता. मुलाखतीत दोघांचा उपयोग सारखाच.

शेवटचे आणि अत्यंत व्यावहारिक. एकच उत्तर चार कॉलेजांसाठी वापरताना पाठवण्यापूर्वी कॉलेजचे नाव मोठ्याने वाचावे. आमच्याकडे दरवर्षी भलत्याच विद्यापीठावर जिवापाड प्रेम करणारी पत्रे येत, आणि आम्ही ती त्या विद्यापीठाकडे पाठवावीत काय, असा विनोद दरवर्षी होत असे. वाचण्याचे हे काम मात्र आईवडिलांनी खुशाल करावे. चला, वडे निवत आहेत. प्रश्न असतील त्यांनी ताट घेऊन माझ्याकडे यावे.